सांडव्याचे दगड

आष्टीहून येणारी जीप छावणीच्या फाट्यावरच थांबायची. तिथून पुढे गावात जायला पुरेशी सवारी नसे, म्हणून ड्रायव्हर सगळ्यांना तिथेच उतरवून मोकळा व्हायचा. दुष्काळाचं वर्ष होतं. गावच्या सोसायटीने माळावर जनावरांची छावणी उघडली होती आणि निम्मं गाव उन्हाळाभर तिथेच राहायला गेलं होतं. हिरव्या जाळीखाली बैलांच्या आणि गाईंच्या रांगा, रांगांच्या मध्ये बाजा, चुली, पाण्याची पिंपं. मी पाठीवर सॅक, एका हातात माती काढायचं गिरमिट आणि दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमच्या डब्यांची पिशवी घेऊन त्या रांगांमधून मान खाली घालून जायची. सगळे माझ्याकडे बघायचे. मी बैलांकडे बघायची.

मी कृषी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात होते. विषय मृद व जलसंधारण. शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर कसं काढायचं आणि लागेल तेवढं आत कसं ठेवायचं, एवढाच माझा प्रबंध होता. इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे मला मराठी यायची ती घरात आईशी बोलण्यापुरती. बांधावर उभं राहून बोलायची मराठी वेगळी असते, हे इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. त्यात मी मुळातच कमी बोलणारी. वाक्य आधी मनात पूर्ण तयार करायची, ते तपासायची आणि मग तोंड उघडायची. तोवर समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असे.

एके दिवशी रांगेतून एका बाईने हाक मारली. "ओ म्याडम, त्ये हातात काय हाय? हिरीचं काम घेतलंय का?"

शेजारच्या बाजेवर पडलेला एक जण म्हणाला, "हिर न्हाई बे, त्या तेल शोधायल्यात. आपल्या गावाखाली तेल हाय."

"तुज्या डोक्याला लाव मग आदी," ती त्याला म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "बसा. उनाचं कुटं निघाल्या?"

मी बसले, कारण नको म्हणायचं वाक्य अजून तयार व्हायचं होतं. ती बैलांना उसाच्या कांड्या टाकत होती. छावणीत चारा म्हणून ऊसच येत होता, कारखान्याच्या पट्ट्यातून ट्रक भरभरून. पिवळ्या बैलाने तोंड फिरवलं तशी ती त्याला म्हणाली, "खा मुकाट्यानं. मीच तोडलेला असंल, वळखीचा हाय."

मी हसले. त्या गावात मी पहिल्यांदा हसले ते तिथे.

दोघं नवरा-बायको दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं तिकडे मोजतात. तिच्या डाव्या पोटरीवर जुना, पांढरा पडलेला वण होता. ती माझ्याहून फार मोठी नसेल, पण मी तिला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणू लागले आणि तिने मला थोड्याच दिवसांत म्याडमवरून ताईवर आणलं.

तिची पट्टी मी तिची म्हणून निवडली नाही. सोसायटीच्या चेअरमननी मला उतारावरची चार-सहा रानं दाखवली होती. त्यांच्यामुळेच मला गावात काम करता आलं, हेही सांगितलं पाहिजे. ते मला बेटा म्हणायचे, ऑफिसात गेलं की आधी खुर्ची मागवायचे. त्यांचं स्वतःचं रान उताराच्या तळाशी होतं. डाळिंबाची बाग, आणि बागेच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद अंथरलेलं मोठं शेततळं. त्या उन्हाळ्यात ते तळाला गेलं होतं. उताराच्या मध्यावर दोन पट्ट्या होत्या, एकाखाली एक. काळी, खोल माती. वरची वहिनीच्या चुलत दिराची, खालची तिची. तिच्या पट्टीच्या कडेने एक ओघळ जायची, ती थेट चेअरमनच्या तळ्यात उतरायची. मला दोन सारख्या पट्ट्या हव्या होत्या आणि त्या तशा होत्या. गिरमिट फिरवून खालची माती बघितली तेव्हाच ठरवलं.

काम साधं होतं. दोन्ही रानांत चौकोनी वाफे पाडायचे, प्रत्येकाला चारी बाजूंनी मातीचा छोटा वरंबा, म्हणजे पाऊस जिथे पडेल तिथेच मुरेल. पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात बांधाला सांडवा ठेवायचा. सांडवा म्हणजे बांधातलं दगडांचं दार. त्याचा उंबरा जमिनीपासून वीतभर उंच. पाणी त्याच्यावर गेलं तर बांध न फोडता शांतपणे निघून जावं, त्याच्या खालचं आत राहावं. काळ्या रानात पाणी फार साचलं तर रान चिबडतं, सगळं वाहून गेलं तर ज्वारीला हिवाळ्यात खाली काही उरत नाही. म्हणून सगळं त्या उंबऱ्याच्या उंचीवर होतं. मी जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण लावून ती उंची काढली. वहिनीच्या सांडव्याचे दगड आम्ही तिघांनी रचले, मी, वहिनी आणि तिचा नवरा. मी त्यांना दादा म्हणायची. दादा दिवसभरात जेवढं बोलायचे तेवढं मी एका वेळी बोलत असेन, म्हणजे आमचं छान जमलं.

दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली की वहिनी प्रश्न विचारायची. "समजा सगळं तुमच्या पुस्तकापरमानं झालं. मंग?"

"मग हिवाळ्यात पाऊस नाही पडला तरी ज्वारीला खालून ओल मिळेल."

"किती मिळंल? कनीस भरंपातूर?"

"बहुतेक."

"बहुतेक नका म्हनू ताई. हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना."

मी हो म्हणाले नाही. पण मी तिला मुठीची परीक्षा शिकवली. गिरमिटातली माती मुठीत दाबायची. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर लगेच फुटला नाही, तर पिकाला पिण्याएवढी ओल आहे. भुगा झाला तर नाही. ती नंतर कुठेही माती दाबून बघायला लागली. एकदा पिठाचा गोळा माझ्यासमोर धरून म्हणाली, "ह्यात हाय बगा ओल."

तिला काय हवं होतं ते तिने एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता. "लगीन झाल्यापासून मी सोताच्या रानातला हुरडा खाल्ला न्हाई. हुरडा यितो तवा आमी कारखान्यावर. पेरून जायचं, आल्यावर सासूनं काढून ठिवलेली ज्वारी बगायची. ह्या साली कोयता न्हाई उचलायचा. ज्वारी आली, बैलाला कडबा झाला, की एक हिवाळा घरी. बास."

मला वाटतं माझी ओढ तिथेच सुरू झाली. तोवर तो माझा प्रबंध होता. त्यानंतर तो तिचा हिवाळा झाला.

मी तिला गोष्टी सांगू लागले. मी कुणाला सांगत नाही अशा. वर्गात सेमिनारला उभी राहिले की माझा आवाज जातो. हॉस्टेलवरच्या मुली मला गर्विष्ठ समजतात आणि मला ते दुरुस्त करता येत नाही. ती ऐकायची, मध्येच "आन मंग?" म्हणायची, आणि सल्ला द्यायची नाही. मला तेवढंच हवं होतं. विद्यापीठात मातीचे नमुने वाळवायला जायचं असलं की मी बेचैन व्हायची, मागे पाऊस आला तर सांडव्याकडे कोण बघेल. ती म्हणायची, "मी हाय न्हवं. तुमी निवांत जावा. त्यातला एक दगड हलू द्यायची न्हाई."

पाऊस आला तो परतीचा, भाद्रपद संपता संपता. छावणी तोवर उठली होती. आष्टीतल्या माझ्या खोलीच्या पत्र्यावर संध्याकाळी तो बराच वेळ वाजला आणि मी खोलीत एकटीच हसत होते. सकाळी पहिल्या जीपने गेले. चपला हातात घेऊन चिखलातून वरच्या पट्टीपाशी पोचले. प्रत्येक वाफ्यात पाणी, त्यात ढग. दिराची म्हातारी आई बांधावर बसून त्याकडे बघत होती, जणू कुणीतरी पाहुणे आले आहेत.

वहिनीची पट्टी रिकामी होती. वाफ्यांचे खालचे वरंबे वाहून गेले होते, नुसता चकचकीत गाळ राहिला होता. सांडव्याच्या जागी मोकळी खाच होती. दगड बाजूला पडले होते.

वहिनी माझ्यामागून आली. कपाळावर हात मारला. "अगं बया! डुकरं असतील. रानडुकरं लई झाल्यात औंदा. न्हाईतर कुनाचं तरी ढोर."

पडले होते असं मी म्हणते, पण ते पडले नव्हते. मोठे एकीकडे, मध्यम त्यांच्या शेजारी, चिपा वेगळ्या. दगड रचणारा माणूस दगड काढतानाही असेच लावतो, पुन्हा लागतील म्हणून. मी ते बघितलं. मला लहानपणापासून असं बारीकसारीक दिसतं. पण त्या सकाळी मी जे बघितलं ते मनात आत घेतलं नाही.

आम्ही दोघींनी तो सांडवा पुन्हा रचला. तिने साडीचा, मी सलवारीचा काठ खोचून. सगळ्यात मोठा पायाचा दगड तिनेच निवडला, "ह्यो घ्या, ह्यो बसका हाय," आणि तो आम्ही दोघींनी उचलला. तिच्या आणि माझ्या बोटांमध्ये तो एकच दगड. मी धापा टाकत होते, ती हसत होती. फटींमध्ये चिपा ठोकून झाल्यावर तिने वर उभं राहून दोन उड्या मारल्या. "आता हत्ती आला तरी हलायचा न्हाई." मी घरी आईला फोनवर ते सांगितलं. आई म्हणाली, बरं झालं, तुला तिथे एक माणूस मिळालं.

आठवड्याभरात पुन्हा पाऊस झाला, पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा सांडवा उघडा. या वेळी खालची मातीही फावड्याने तासून उंबराच काढून टाकला होता. डुक्कर फावडं चालवत नाही. वहिनी घरी नव्हती, तिच्या सासूने सांगितलं की ती बाजाराला गेली आहे.

मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. माळावरून चालत जाताना वाक्यं तयार केली. माझ्या प्रयोगाच्या जागी कोणीतरी दोनदा नुकसान केलं आहे. मला नाव नको, पण ते थांबलं पाहिजे. माझ्या मनात कोण होतं ते स्पष्ट होतं. ओघळ ज्याच्या तळ्यात जाते त्याचीच माणसं असणार. आणि तरी मी तक्रार त्याच्याकडेच घेऊन चालले होते, कारण गावात तक्रार न्यायला दुसरी जागाच नव्हती. बँक, खत, छावणी, पाणी, सगळं त्याच एका दारातून जायचं.

चेअरमननी खुर्ची मागवली, चहा मागवला. चार-पाच माणसं बसली होती. मी उभ्यानेच माझी वाक्यं बोलले आणि पहिल्यांदाच ती न अडखळता बोलले.

ते खरंच चकित झाले. "हे इचारायला तू इथवर कशापायी आली बेटा? तुज्या वहिनीलाच इचारायचं की. तिनंच काढले."

कुणीतरी फसकन हसलं. "रोज संग भाकर खातात बे त्या," दुसरा म्हणाला.

"चिडू नको," चेअरमन समजुतीने म्हणाले. त्यांचा आवाज शेवटपर्यंत तसाच मऊ होता. "तिच्या रानात पानी कोंडून काय व्हतंय? मी तिला म्हनलं, पानी खाली येऊ दे. तळं भरलं की थंडीत तुज्या ज्वारीला दोन पान्याच्या पाळ्या माज्याकडून. तिचं बी भलं, माजं बी. आन तुजं काय, तुला मापंच घ्यायचीत न्हवं? घे की."

चहा आला. मी तो प्यायले, कारण कपाशिवाय हातांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी रानात हरळी वेचत होती. दादा पलीकडे कुळव धरून होते, मला बघून त्यांनी बैल उलट्या दिशेला वळवले.

"वहिनी, दगड तुम्ही काढलेत?"

ती वाकलेलीच राहिली. "कोन म्हनलं?"

"चेअरमन."

"त्येंनी न्हवतं सांगायला पायजे," ती म्हणाली. मी केलं नाही, असं ती म्हणाली नाही. त्यांनी सांगायला नको होतं. मी त्या वाक्याकडे बघत राहिले.

मग ती उठली, हात पदराला पुसले. "ताई, तुमची ती ओल. तुमी म्हनता खाली हाय. असंल. तुमी शिकलेल्या हायत. पर मला ती दिसत न्हाई. तळ्यातलं पानी मला हितून दिसतं, बगा. थंडीत पीक मान टाकायला लागलं तर म्या मुठी दाबत बसू का?"

"मला सांगायचं होतंत."

"तुमी हो म्हनला असता?"

"नाही."

"मंग?"

तिच्या बाजूने ते बरोबर होतं आणि ते बरोबर आहे हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. त्या चेअरमनला नाही म्हणणं म्हणजे काय, हेही मला कळत होतं. पुढच्या दुष्काळात तिचे बैल त्याच्याच छावणीत उभे राहणार होते. मी तोवर डिग्री घेऊन कुठल्या कुठे गेलेली असणार होते. पण माझं दुखणं ते नव्हतंच. मी ते शेवटी विचारलं.

"मग माझ्याबरोबर परत का रचलेत?"

तिने वेचलेली हरळी बांधावर टाकली. मग अगदी साधेपणाने, खरं वाटेल अशा आवाजात म्हणाली, "तुमाला बरं वाटावं म्हनून."

"डुकरं म्हणालात."

"डुकरंच म्हनायचं असतं ओ. मानसाचं नाव कसं घ्यावं?"

मी परत फिरले. माळावर वारा होता, त्यामुळे डोळे का वाहताहेत हे मला स्वतःला सांगावं लागलं नाही. तो बसका दगड माझ्या बोटांना आठवत होता. उचलताना तिला माहीत होतं की तो ती पुन्हा काढणार आहे, आणि ती हसत होती.

सरांना फोन केला. माझे मार्गदर्शक, त्यांच्या शब्दावर मी या गावी आले होते. मला वाटलं ते रागावतील, गावाशी बोलतील. ते सगळं ऐकून म्हणाले, "अरे, मग हे तर उत्तमच झालं. तीच पट्टी तू तुलनेसाठी घे. एक पाणी धरलेली, एक निचरा केलेली. मातीही तीच. उलट तुझा प्रबंध मजबूत झाला." ते खूश होते. मी नाही म्हणू शकले असते. मी ठीक आहे सर म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की त्या पट्टीचं काय होतं याच्याशी माझ्याशिवाय कुणाचंच देणंघेणं नाही, आणि माझंही आता फक्त कागदावर राहणार आहे.

त्यामुळे मला तिच्या पट्टीत जावं लागतच होतं. दर आठवड्याला, गिरमिट आणि डब्या घेऊन. तिने माझ्यासाठी बांधावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवायची रीत सोडली नाही. मी बाटली आणायला लागले. ती म्हणायची, "भाकर हाय ताई." मी म्हणायची, "खाऊन आलेय." मी खाऊन आलेली नसायची. फाट्यावर जीपची वाट बघत बिस्किटं खायची. माझं बोलणं पुन्हा मोजून मापून झालं. आईने विचारलं, तुझी ती वहिनी कशी आहे, तर बरी आहे म्हणाले.

दसऱ्यानंतर गाव रिकामं होऊ लागलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडी, गाठोडी, कोंबड्या, वर माणसं. मुकादम, म्हणजे टोळ्या गोळा करणारा माणूस, वहिनीच्या दारात उभा राहून दादांना म्हणाला, "काय, बागायतदार झालात काय औंदा? तळंबिळं बांदलं जनू!"

"आमचंच हाय त्ये तळं," वहिनी आतून म्हणाली. "चेअरमन नुसतं राखनीला हाय." सगळे हसले. मी रस्त्यावरून जाता जाता ते ऐकलं. तिच्या आवाजात इतका आनंद होता की माझ्या रागालाही क्षणभर हसू आलं.

तळं खरंच काठोकाठ भरलं होतं. तिच्या पट्टीतून ते निळं चौकोनी दिसायचं.

दोन्ही पट्ट्यांत ज्वारी सारखीच उगवली. सुरुवातीला तर तिचीच उजवी दिसत होती. थंडी पडली. पाऊस परत आला नाही. मग एका सकाळी मी गेले तेव्हा तिच्या ज्वारीची पानं सुरळ्या होऊन उभी होती. दुपारी पीक असं करतं, सकाळी नाही. वरची पट्टी रुंद पानांनी हलत होती. गिरमिट तिच्या रानात कुरकुरत गेलं आणि भुगा घेऊन वर आलं. तो मी डबीत भरून झाकण लावलं. ती बांधावर उभी होती. मुठीत दाबून बघायला तिने हात पुढे केला नाही.

त्याच दुपारी ती चेअरमनकडे गेली. मी वरच्या पट्टीत होते, मला ती जाताना आणि परत येताना दिसली. जाताना डोक्यावर पदर नीट घेतलेला होता. येताना ती ओघळीतूनच चढून आली, रस्त्याने नाही. माझ्याजवळून जाताना थांबली.

"बहार हाय म्हनला," ती म्हणाली.

डाळिंबाला फुलं आली होती. एवढी फुलं गळू देऊ का, म्हणाले म्हणे. आधी बाग जगू दे, मग बघू. मऊ आवाजात म्हणाले असतील. खुर्ची दिली असेल की नाही, माहीत नाही.

पुढचे आठवडे मी येताना जाताना तळ्याकडे बघायची. निळ्या कागदावर पाण्याची जुनी रेघ वर राहायची आणि पाणी खाली. पाइप एकाच दिशेला जात होता. ती पुन्हा गेली, मग दादा गेले, मग दोघं मिळून गेली. ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस पानाच्या आत धरलं, आणि तिथेच थांबली. कणीस बाहेर पडायला जो जोर लागतो तो तिच्यात नव्हता. एका सकाळी दादा ती कापत होते, बैलांना निदान हिरवी वैरण तरी होईल म्हणून. वरच्या पट्टीत तेव्हा हुरड्याची कणसं भरली होती.

कुठल्याशा टोळीत एक जोडी आजारी पडून परत आली होती, त्यांच्या जागी मुकादमने या दोघांना घेतलं. ट्रॅक्टर फाट्यावर उभा होता. मी वरच्या पट्टीत नमुना काढत होते. ती बांध चढून आली. प्रवासाची साडी, पायांत बूट, काखेत कापडात गुंडाळलेला कोयता.

"ताई, दावा की एकदा."

मी गिरमिट फिरवलं. ते लोण्यातून गेल्यासारखं खाली गेलं. माती काळी, थंड, चिकट. मी मुठीत दाबली आणि बोटं उघडली. गोळा झाला होता, त्यावर माझ्या बोटांचे ठसे. तिने त्याला अंगठ्याने ढकललं. तो फुटला नाही.

ती बराच वेळ त्या गोळ्याकडे बघत होती. खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"दगड तसंच ठिवलं असतं," ती म्हणाली, "तर माज्या बी रानात अशीच ऱ्हायली असती का?"

या प्रश्नाची मी कितीतरी आठवडे वाट बघितली होती. जीपमध्ये, बिस्किटं खाताना, ओव्हनपाशी डब्या मोजताना. उत्तराची वाक्यं मी तयार करून, तपासून ठेवली होती. ती कठोर होती आणि खरी होती. आता फक्त तोंड उघडायचं होतं.

मी मूठ मिटली. "सांगता येत नाही वहिनी," मी म्हणाले. "तुमच्याकडची माती थोडी वेगळी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, उन्हात बघतात तसं डोळे बारीक करून.

"माती एकच हाय," ती म्हणाली. "माज्या सासऱ्याची आन त्येच्या भावाची वाटनी हाय ही. मदला बांध मागनं पडला. आदी एकच रान हुतं."

मी मुठीतली माती डबीत भरू लागले. तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, छावणीतलं जुनं हसू, पण थकलेलं.

"तुमाला बी डुकरं म्हनता यायला लागलं की ओ," ती म्हणाली.

मग ती उतरली. तिच्या रानातून, कापलेल्या ज्वारीच्या खुंटांमधून, कोयता या काखेतून त्या काखेत घेत. ट्रॉलीत दादांनी तिला हात दिला. तिने वळून बघितलं असेल तर ते मी बघितलं नाही, मी डबीवर खडूने खूण करत होते.

ट्रॅक्टरचा आवाज गेल्यावर मी खालच्या पट्टीतला नमुना काढला. तो काढायचाच होता. जीपकडे जाताना वाट सांडव्यावरूनच होती. दगड अजून तिथेच होते, मोठे एकीकडे, मध्यम त्यांच्या शेजारी, चिपा वेगळ्या, पुन्हा लागतील म्हणून नीट लावलेले. मी ते रचले नाहीत. त्यांना वळसा घालून गेले.